उष्णतेला लगाम

आज जरा वेगळा विषय. आमच्या भाच्याला निवृत्तीनंतर जुने रेडिओ दुरुस्त करण्याचा छंद लागला आहे. सध्या त्याच्या टेबलावर आहे त्याच्या आजोबांचा ट्रान्झिस्टर. त्यासाठी त्याला चांगले सोल्डरिंग स्टेशन घ्यायचे आहे, आणि घरचे म्हणतात, "साधे आयर्न स्वस्तात मिळते की! एवढा खर्च कशाला?" मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला उत्तर इतिहासातच सापडते.

डाख देणे ही कला फार जुनी. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की नळ सांधायला दोन भाग शिसे आणि एक भाग कथील यांचे मिश्रण वापरतात. पुढे शेकडो वर्षे कारागिरांचे हत्यार साधेच राहिले. दांड्याला बसवलेला तांब्याचा ठोकळा, आणि तो तापवायला निखारे. तापमापक कुठला? ठोकळा गालाजवळ नेऊन धग अजमावायची. सगळे ज्ञान त्या गालात!

मग वीज आली. जर्मनीत अर्न्स्ट साक्स यांनी 1921 मध्ये विजेच्या सोल्डरिंग आयर्नचे उत्पादन सुरू केले. निखारे गेले, पण लगाम काही आला नाही. साधे आयर्न नुसते ठेवले की टोक गरजेपेक्षा जास्त तापते, आणि जाड तारेला टेकवले की थंड पडते. अमेरिकेत कार्ल वेलर यांच्या सोल्डरिंग गनला 1946 मध्ये पेटंट मिळाले. घोडा दाबला की काही सेकंदांत टोक गरम. पण किती गरम, हे अजूनही बोटावरच.

खरी गंमत पुढे आहे. पिएर क्युरी यांनी 1895 मध्ये दाखवून दिले की ठरावीक तापमानाला लोखंडासारख्या पदार्थांचे चुंबकत्व निघून जाते. वेलर कंपनीने 1960 च्या दशकात हाच गुण आयर्नमध्ये वापरला. टोकाच्या मागे एका खास मिश्रधातूचा तुकडा. तो थंड असताना आतले चुंबक त्याला चिकटते आणि वीज सुरू राहते. तो पुरेसा तापला की चुंबक सुटते, टक् असा आवाज होतो, वीज बंद. टोकावर 7 आकडा म्हणजे 700 अंश फॅरनहाइट, साधारण 370 सेल्सिअस. कारागिराचा गाल आता टोकात जाऊन बसला म्हणा ना! नंतर इलेक्ट्रॉनिक संवेदक आले, तापमान ठरवायचे बटण आले.

आता भाच्याच्या ट्रान्झिस्टरकडे येऊ. त्या काळचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेने पटकन बिघडतात. म्हणून जुने मेकॅनिक त्यांचा पाय चिमट्यात धरत, धग चिमट्यात जावी म्हणून. शिवाय पट्टीवरचा तांब्याचा पातळ पत्रा जास्त तापला की सुटून येतो. आजोबांचा रेडिओ दुसरा मिळणार नाही. तिथे अंदाज कामाचा नाही.

म्हणून निवड करताना नुसते वॅट पाहू नयेत. वॅट म्हणजे उष्णता किती वेगाने भरून येते, एवढेच. संवेदक टोकाच्या जितका जवळ तितके बरे. काही स्टेशनांत तापक, संवेदक आणि टोक एकाच कांडीत असतात. टोकाला अर्थिंग हवे. केबल मऊ हवी, नाहीतर हात अवघडतो. आणि सुटी टोके पाच वर्षांनीही बाजारात मिळतील का, हे आधी विचारावे. टोकावर लोखंडाचा थर असतो, कारण वितळलेले कथील तांबे खाते. त्याला कानस लावली की टोक संपलेच.

आणखी एक. युरोपात 1 जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंधन आले. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे असलेली जुनी तार 183 अंशांना वितळे. नेहमीच्या बिनशिशाच्या तारेला 217 च्या वर जावे लागते. टोक आणखी तापवायचे, पण भाग तर तेवढेच नाजूक. चुकीला जागा कमी झाली.

तेव्हा घरच्यांना माझे सांगणे असे: हा चैनीचा खर्च नाही. गालाने धग ओळखायला कारागिराची वर्षे जात. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या भाच्याकडे तेवढी वर्षे नाहीत, आणि आजोबांचा रेडिओ शिकाऊ हाताला पुन्हा संधी देणार नाही. घेऊ द्या त्याला.