आंतरदीर्घिकीय वायूचे आद्य तापन

आद्य दीर्घिकांच्या प्रारणाने दीर्घिकांमधील हायड्रोजन वायू तापण्याची प्रक्रिया. महास्फोटानंतर सुमारे 3,80,000 वर्षांनी हा वायू उदासीन झाला व विश्वप्रसरणासोबत थंडावत गेला. पहिले तारे पेटल्यावर हे चित्र पालटले. ताऱ्यांचे जंबुपार किरण जवळच्याच अणूंमध्ये शोषले जात. त्यामुळे दीर्घिकांभोवती आयनीभूत वायूचे सुमारे 10,000 केल्व्हिन तापमानाचे बुडबुडे तयार झाले. दूरचा वायू तापवला तो मुख्यतः क्ष-किरणांनी. कृष्णविवरे वा न्यूट्रॉन तारे असलेल्या जोडताऱ्यांतून निघणारे हे किरण फार लांबवर पोचतात. अणूतून सुटलेला वेगवान इलेक्ट्रॉन टकरींतून आपली ऊर्जा वायूला देतो.

याचा माग उदासीन हायड्रोजनच्या 21 सेंमी. रेषेवरून काढतात. प्रसरणामुळे ती आज मीटरभराहून लांब तरंगलांबीवर सापडायला हवी. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी (45 मी. व्यासाच्या 30 अँटेना) दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झच्या आसपास हा शोध घेतला. आकाशगंगेचे प्रखर प्रारण आणि परिसरातील वीजवाहिन्यांचा रेडिओ गोंगाट वगळणे हेच त्यातले खरे कष्टाचे काम. संकेत मिळाला नाही, पण त्याची कमाल मर्यादा 2011 मध्ये ठरली. विश्लेषणात गळणारा संकेत हिशेबात धरून 2013 मध्ये ती वाढवून 248 मिलिकेल्व्हिन करण्यात आली. वायू न तापता फार थंड राहिला असता, तर संकेत अधिक प्रबळ असता; म्हणून नकारात्मक असूनही हा निष्कर्ष मोलाचा आहे.