बातमीतला अवघड प्रश्न

जेऊरहून रेल्वेने सोलापूरला गेलात म्हणजे तेथे चार हुतात्म्यांचे पुतळे आपण पाहता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. यांपैकी कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांचे पुढारी तर होतेच, शिवाय ‘गझनफर’ या पत्राचे संपादकही होते. गझनफर म्हणजे सिंह.

बातमी कशी लिहावी, हे या संपादकाच्याच बलिदानावरून शिकू या. काय घडले? चौघांना फाशी झाली. कोठे? पुण्याच्या येरवडा तुरुंगात. केव्हा? १२ जानेवारी १९३१ रोजी. कोणाला? नावे वर दिलीच आहेत. नावात एका अक्षराचीही चूक नको. एवढे सारे पहिल्याच परिच्छेदात यावे. मे १९३० ची चळवळ, ८ मे रोजीचा गोळीबार, पुढचा मार्शल लॉ ही पार्श्वभूमी मागाहून द्यावी.

अवघड प्रश्न एकच : का? सरकार म्हणाले, पोलिसांच्या खुनाबद्दल. लोकांच्या मते मात्र चौघेही निरपराध होते. अशा वेळी बातमीदाराने दोन्ही म्हणणी ज्याची त्याच्या नावावर लिहावीत, आपले मत अग्रलेखासाठी राखून ठेवावे. केवळ सरकारी कागदावर विसंबून इतिहास लिहिला गेला असता, तर हे हुतात्मे खुनी म्हणूनच उरले असते.

पालकहो, घरी वर्तमानपत्र आले की मुलांना एवढेच विचारा : “हे म्हणतो कोण?”