दोन खाचांच्या मध्ये

अहिल्यानगरात माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या इलेक्ट्रिक गिटारवर पिकअप तीन आणि स्विचला खाचाही तीनच. मालकाला पाच खाचांचा नवा स्विच हवा होता. मी अँप लावला, स्विच एकेका खाचेत ठेवून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं. चालू पिकअप ‘टक्’ वाजतो, बंद असलेला जवळजवळ गप्प राहतो. प्रत्येक खाचेत एकच पिकअप वाजला.

हा बिघाड नव्हे, इतिहास. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा स्विच असाच होता. पण वादकांनी दांडी दोन खाचांच्या मध्ये अडकवली, तर शेजारचे दोन्ही पिकअप एकत्र वाजले. आवाज निघाला पोकळ, थोडा नाकातला. कारखान्याने न ठरवलेला हा सूर लोकांना इतका आवडला, की फेंडरने १९७७ मध्ये पाच खाचांचा स्विचच बसवला. तब्बल २३ वर्षांनी!

या गिटारची दांडीही मध्ये टिकत होती आणि तिथली पट्टी चांगलीच झिजली होती. आधी कुणीतरी तो सूर शोधला होता. नवा स्विच सोयीचा, पण ही खूण पुसणारा. मालकाला दोन्ही आवाज ऐकवले. त्याने जुनाच स्विच साफ करून घेतला.