लाउंजच्या दारावरचा नियम

शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सच्या क्लबच्या दाराशी दोन प्रवासी आले आहेत असं समजा. दोघांना एकाच विमानानं डेन्व्हरला जायचंय, दोघांची तिकिटं इकॉनॉमीची आहेत आणि दोघांच्या बोर्डिंग पासवर ‘स्टार गोल्ड’ असं छापलेलं आहे. पहिल्याला हा दर्जा युनायटेडनंच दिलाय. वर्षानुवर्षं तो त्यांच्याच विमानांतून फिरतोय. दुसऱ्याचं कार्ड एअर इंडियाचं आहे. दारावरची कर्मचारी दोन्ही पास स्कॅन करते, दुसऱ्याला आत सोडते आणि युनायटेडच्या स्वतःच्या गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हणते.

यंत्राची यात काही चूक नाही, नियमच तसा आहे. अमेरिकन एअरलाइन्सकडेही तोच प्रकार: लंडनहून आलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या सिल्व्हर कार्डवाल्याला अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात त्यांच्या अ‍ॅडमिरल्स क्लबात बसता येतं, पण त्याच तोडीचा दर्जा अमेरिकनकडूनच मिळवलेल्या प्रवाशाला तेवढ्यावर तिथे बसता येत नाही. नियम वाचून याचा उलगडा होत नाही. त्यासाठी लाउंज नावाची खोली कुठून आली आणि तिचं दार वेळोवेळी कोणी, कोणासाठी, कशाच्या बदल्यात उघडलं, ते पाहावं लागतं.

ही खोली पहिल्यांदा १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उघडली. अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ हे जाहिरातीची उत्तम जाण असलेले गृहस्थ होते. कंपनीच्या डीसी-३ विमानांना त्यांनी ‘फ्लॅगशिप’ हे आरमारी नाव दिलं होतं. एकवीस प्रवासी बसतील एवढंसं ते विमान धावपट्टीवरून हळूहळू येत असताना वैमानिकांच्या खिडकीबाहेर एक छोटा झेंडा फडकत असे. विमानांचं आरमार झाल्यावर अ‍ॅडमिरलही हवेत, म्हणून कंपनी आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांना आणि नामांकित मंडळींना ‘फ्लॅगशिप आरमाराचे अ‍ॅडमिरल’ अशी मानाची सनद पाठवू लागली. विमानतळ नवाकोरा, त्यात कंपनीनं एक जागा भाड्यानं घेतली आणि ती या अ‍ॅडमिरलांसाठी राखली. अ‍ॅडमिरल्स क्लब हे नाव तिथून आलं. ते आजही चालू आहे.

या क्लबाला वर्गणी नव्हती आणि अर्जही नव्हता. कंपनीला वाटलं तर बोलावणं यायचं. म्हणजे लाउंजचा पहिला नियम हा कंपनीच्या मर्जीचा होता. विमानप्रवास महाग, प्रवासी थोडे, आणि जे होते त्यांतले बरेचसे उद्योगपती, अधिकारी, नट-नट्या. त्यांना खूश ठेवण्याचा हा सोपा मार्ग होता. युनायटेडचा रेड कार्पेट क्लब, टीडब्ल्यूएचा अ‍ॅम्बॅसेडर्स क्लब आणि पॅन अ‍ॅमचा क्लिपर क्लब हे सगळे याच वळणाचे. पुढे या निवडीवर भेदभावाचा आक्षेप आला. सारखंच तिकीट काढलेल्या दोन माणसांपैकी एकाला बोलावणं आणि दुसऱ्याला नाही, हे कोणत्या निकषावर? उत्तर देणं अवघड होतं. सत्तरचं दशक संपेपर्यंत अमेरिकेतल्या या क्लबांनी वर्गणी लावली आणि ती भरणाऱ्या कोणालाही दार उघडं केलं. मला हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण शिकागोच्या दारावरचं कोडं इथेच तयार झालं. अमेरिकेत लाउंज ही विकायची वस्तू झाली. युरोप-आशियात ती मुख्यतः महागड्या तिकिटाबरोबर मिळणारी सोय राहिली.

त्यानंतर आला मैलांचा हिशेब. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमानवाहतूक नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याआधी कोणी कुठल्या मार्गावर उडायचं आणि भाडं किती घ्यायचं हे सरकारी मंडळ ठरवत असे, त्यामुळे कंपन्यांची चढाओढ जेवणावर, जागेवर आणि लाउंजवर चाले. आता भाड्यावर लढाई सुरू झाली. गिऱ्हाईक दहा डॉलरसाठी दुसरीकडे जाऊ लागलं. त्याला धरून ठेवायला अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हान्टेज’ ही योजना आणली. रॉबर्ट क्रँडल तेव्हा कंपनीच्या कारभारात होते. पहिले सभासद शोधले सेबर या आरक्षणाच्या संगणकातून: कोणता फोन नंबर पुन्हा पुन्हा येतो, हे त्यात पाहिलं गेलं. त्यांच्या जोडीला अ‍ॅडमिरल्स क्लबाचे सभासद थेट या योजनेत घेतले. युनायटेडनं काही दिवसांतच आपली ‘मायलेज प्लस’ काढली.

योजनेची खरी ताकद साध्या गोष्टीत होती. कामानिमित्त फिरणाऱ्या माणसाचं तिकीट त्याची कचेरी काढते, पण मैल जमा होतात त्याच्या स्वतःच्या नावावर. त्यामुळे कुठल्या कंपनीनं जायचं हे ठरवताना तो आपल्या मैलांकडे पाहू लागला. सुरुवातीला बक्षीस होतं फुकट तिकिटाचं. मग मैलांच्या पायऱ्या आल्या, रुपेरी, सोनेरी, त्याहून वरच्या, आणि प्रत्येक पायरीला काही मान: आधी विमानात चढणं, जास्तीचं सामान, रिकामी असेल तर पुढची जागा. युरोप-आशियातल्या कंपन्यांनी यात लाउंजही घातलं. अमेरिकन कंपन्यांनी देशांतर्गत प्रवासात ते घातलं नाही. पैसे घेऊन विकत असलेली वस्तू त्याच गिऱ्हाइकाला फुकट कोण देईल?

दुसऱ्या कंपनीचं कार्ड दारावर चालतं ते विमानकंपन्यांच्या आघाड्यांमुळे, आणि या आघाड्या जन्मल्या त्या कायद्याच्या अडचणीतून. एका देशाच्या विमानकंपनीनं दुसऱ्या देशाची कंपनी सरळ विकत घेणं बहुतेक देशांत चालत नाही. अमेरिकेत परकीय मालकाला मतदानाचे जास्तीत जास्त पंचवीस टक्के हक्क मिळतात. पण प्रवाशाला तर नागपूरहून ह्यूस्टनला जायचं असतं, आणि कोणतीच एक कंपनी सगळीकडे पोचत नाही. केएलएम आणि नॉर्थवेस्ट यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र वेळापत्रक चालवून दाखवलं. १४ मे १९९७ रोजी एअर कॅनडा, लुफ्तान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड यांनी स्टार अलायन्स स्थापन केली. १ फेब्रुवारी १९९९ पासून वनवर्ल्ड सुरू झाली आणि २२ जून २००० रोजी स्कायटीम आली.

आघाडीत एक नवा करार झाला. एका कंपनीनं दिलेला मान बाकीच्या सगळ्यांनी मानायचा, व्याह्याच्या घरी आपल्या माणसाची उठबस व्हावी तसा. प्रत्येक कंपनीच्या पायऱ्यांची नावं वेगळी, म्हणून आघाडीनं समान पायऱ्या ठरवल्या. स्टारमध्ये सिल्व्हर आणि गोल्ड, वनवर्ल्डमध्ये रुबी, सफायर, एमराल्ड, स्कायटीममध्ये एलीट आणि एलीट प्लस. बोर्डिंग पासवर नावाजवळ एक चांदणी आणि तिच्यापुढे इंग्रजी जी हे अक्षर दिसलं की समोरचा प्रवासी गोल्ड आहे हे स्टारच्या पंचवीसेक कंपन्यांच्या कुठल्याही काउंटरला कळतं. कंपन्यांनाही हे सोयीचं होतं: दिवसाला जेमतेम एक उड्डाण असलेल्या शहरात स्वतःचं लाउंज बांधणं कोणालाच परवडत नाही. तिथे दुसऱ्याचं वापरायचं आणि खर्च आपापसांत वळता करायचा.

आता शिकागोकडे पुन्हा पाहिलं तर कोडं सुटतं. एअर इंडियाचा गोल्ड कराराप्रमाणे आत जातो. युनायटेडचा गोल्ड देशातल्या देशात फिरताना कराराबाहेर ठेवलाय, कारण त्याच्याकडून युनायटेडला क्लबची वर्षाची वर्गणी हवी असते. ही वर्गणी आता साडेसातशे डॉलरच्या घरात आहे. तोच माणूस परदेशी निघाला की करार लागू होतो आणि दार उघडतं. अमेरिकेतल्या हुशार प्रवाशांनी यावर तोडगाही काढला. प्रवास युनायटेडनं करायचा, पण मैल दुसऱ्याच कंपनीच्या खात्यात टाकायचे. ग्रीसची एजियन २०१० मध्ये स्टारमध्ये आली. काही वर्षं तिचं गोल्ड वीसेक हजार मैलांत मिळायचं आणि बराच काळ टिकायचं. अथेन्सला कधी पाऊल न टाकलेले कितीतरी अमेरिकन तिचे गोल्ड सभासद झाले. नंतर एजियननं अटी कडक केल्या.

आपल्याकडे हा मान उशिरा आला. एअर इंडियाला स्टारनं २००७ मध्ये निमंत्रण दिलं. इंडियन एअरलाइन्सबरोबरच्या विलीनीकरणाच्या धबडग्यात अटी पूर्ण झाल्या नाहीत, म्हणून २०११ मध्ये प्रवेश थांबला. अखेर ११ जुलै २०१४ रोजी ती सभासद झाली, आघाडीत गेलेली भारतातली पहिली विमानकंपनी. किंगफिशर २०१२ च्या फेब्रुवारीत वनवर्ल्डमध्ये जाणार होती, पण ऐन तोंडावर ते लांबणीवर पडलं आणि मग कंपनीच बंद झाली. जेट एअरवेज शेवटपर्यंत कुठल्याच आघाडीत नव्हती. आज महाराष्ट्रातून सर्वाधिक लोक ज्या इंडिगोनं जातात तीही या तिन्ही आघाड्यांपैकी कशात नाही. पुण्याहून तिच्या विमानानं निघालात तर खिशातलं गोल्ड कार्ड नुसतं खिशातच राहतं.

नियमाच्या बारकाव्यांपैकी मराठी घरांना सर्वांत जास्त लागतो तो पाहुण्यांचा. गोल्ड सभासद आपल्याबरोबर एका पाहुण्याला नेऊ शकतो. मुलगा अमेरिकेत नोकरीला, आईबाबांना घेऊन मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे निघालाय. फ्रँकफर्टला चार तास थांबायचंय, रात्र झोपेविना गेलीय, बाबांचे गुडघे दुखतायत. कार्ड मुलाचं, पाहुणा एक. दाराशी हिशेब होतो आणि तिसरं माणूस बाहेर राहतं. बहुतेक घरांत मग मुलगा दोघांना आत बसवायचं म्हणतो, पण तेही चालत नाही. पाहुण्याबरोबर सभासद स्वतः असावाच लागतो. आईबाबा पुढच्या वर्षी एकटे गेले तर मुलाचं कार्ड त्यांच्या उपयोगाचं नाही. हा नियम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकटा, नाहीतर एका सहकाऱ्याबरोबर फिरणारा नोकरदार माणूस असावा. कुटुंबानं फिरणारे प्रवासी त्यांच्या आकड्यांत आलेच नसावेत. सत्तरीच्या दोन माणसांना चार तास खुर्चीवर बसवून ठेवण्यापेक्षा सोबतच्या ज्येष्ठांना सरसकट पाहुणे मानणं विमानकंपन्यांना सहज जमण्यासारखं आहे. ते त्यांनी करायला हवं.

दुसरा बारकावा विमान कोणाचं, हा. कार्ड लागू होतं ते त्या दिवशी निघणारं विमान आघाडीतल्या कंपनीचं असेल तरच. एअर इंडिया एक्स्प्रेस ही एअर इंडियाच्याच घरातली, पण स्टारची सभासद नाही. तिकिटावर युनायटेडचा नंबर आणि प्रत्यक्ष विमान एमिरेट्सचं, असंही दुबईहून पुढे जाताना होतं. दारावर विमान पाहतात, तिकिटावरचा नंबर नाही. आणि लाउंज निघण्यापूर्वी मिळतं. उतरल्यावर आंघोळीसाठी म्हणून गेलात तर आघाडीचा करार तिथे लागत नाही.

दरम्यान, आघाडीच्या कार्डाशिवाय लाउंजकडे येणाऱ्या वाटाही भरपूर झाल्या. वर्गणी भरून लाउंजात जाऊ देणारा प्रायॉरिटी पास १९९२ मध्ये निघाला आणि कोणत्याही विमानकंपनीशी बांधलेलं नसणं हेच त्याचं वैशिष्ट्य ठरलं. भारतात बँकांनी क्रेडिट कार्डावर, पुढे डेबिट कार्डावरही लाउंज दिलं. दोन रुपयांचा स्वाइप करून आत जाणाऱ्यांच्या रांगा दिल्ली-मुंबईत विमानाच्या रांगेएवढ्या झाल्या, आणि बँकांनी तिमाहीला अमुक खर्चाची अट घातली. या गर्दीचा परिणाम आघाडीच्या गोल्डवरही झाला, कारण कंपन्यांनी गर्दीतून वेगळी अशी आणखी आतली खोली काढली.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तिसऱ्या टर्मिनलमध्ये हे स्पष्ट दिसतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या बिझनेस क्लासचे प्रवासी सिल्व्हरक्रिस लाउंजात जातात आणि इकॉनॉमीचं तिकीट असलेले गोल्डवाले क्रिसफ्लायर गोल्ड लाउंजात. नूतनीकरणाआधी त्या गोल्ड लाउंजात स्वच्छतागृहच नव्हतं. त्यासाठी सामान उचलून बाहेर टर्मिनलमध्ये जावं लागे. लंडनच्या हीथ्रोवर पाचव्या टर्मिनलात वनवर्ल्डच्या एमराल्डला फर्स्ट लाउंज मिळतं, पण त्यापलीकडची काँकॉर्ड रूम मुख्यतः फर्स्ट क्लासच्या तिकिटाला. युनायटेडनं २०१६ च्या डिसेंबरात शिकागोतच पहिलं पोलॅरिस लाउंज उघडलं. तिथे शॉवर आहेत, पडायला जागा आहे, टेबलावर वाढलेलं जेवण आहे, आणि स्टार गोल्डला प्रवेश नाही. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय बिझनेस क्लासचं त्या दिवसाचं तिकीट लागतं. सॅन फ्रान्सिस्कोहून एअर इंडियाच्या बिझनेस क्लासनं भारतात येणारा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत असला तरी, त्या तिकिटावर पोलॅरिसमध्ये जाऊ शकतो. त्याच विमानात मागे बसणाऱ्या, लाखो मैल उडालेल्या गोल्ड सभासदाला शेजारचा युनायटेड क्लब मिळतो.