साचेखात्याचं दार

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. इतिहासाची पुस्तकं इथून सुरू होतात आणि मालकांच्या नावांवरच संपतात. मित्रहो, आपण जरा आतल्या दारापासून सुरू करू.

हे दार साचेखात्याचं. तिथं पगार जास्त, पण आपल्या माणसाला बंदी. कारण काय? नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून आपली माणसं त्रासनखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. कामगार एक, असं म्हणणाऱ्यांना तो गिळायला जड गेला. एकाच छपराखाली घाम गाळला म्हणून माणसं एक होत नाहीत, हा धडा तेव्हाचा. तो विसरून आज घरांची मागणी करता येणार नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. गिरण्या एकामागून एक थंड पडल्या आणि जमिनीला भाव आला.

१९९१ मध्ये विकास नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणी पाडून जमीन विकसित केली तर साधारण एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. वाचायला गोड! पण आहे तीच इमारत ठेवून आत धंदा बदलला, तर हिस्सा द्यायची गरज नव्हती. मालकांनी बरोबर हेच हेरलं. जुन्या खात्यांत ऑफिसं आली, हॉटेलं आली, फिनिक्स मिलमध्ये बॉलिंगचा खेळ आला. जुनी इमारत नव्या कामाला लावता येते, हे त्यांनीच सिद्ध करून दाखवलं. फक्त कामगाराचं घर तेवढं तिथं बसत नव्हतं.

१९९६ मध्ये चार्ल्स कोरिया समिती नेमली. तिनं एनटीसीच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा दिला. तो कागदावरच राहिला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. इमारतींखालची जमीन वाटणीतून गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला.

जून २०१२ ला गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली. घरं ६,९२५. अर्जदार लाखाच्या वर. घर २२५ चौरस फुटांचं. आणि आता बाकीच्यांना शेलू, वांगणी दाखवतात. ज्यांनी शहर विणलं त्यांनी शहराबाहेर जावं!

कुणी म्हणेल, गिरणीत घरं होतच नाहीत. खातं खोल, मधे उजेड पोचत नाही. खरंय. पण मधला भाग कापून चौक काढता येतो. व्हिएन्ना शहरात १८९९ मध्ये पुऱ्या झालेल्या गॅसच्या चार प्रचंड टाक्या होत्या. २००१ पर्यंत त्यांच्या विटांच्या भिंती तशाच ठेवून आत घरं, विद्यार्थ्यांचं वसतिगृह, दुकानं, सभागृह केलं. आपल्या गिरणगावाला हे नवं नाही. चाळीच्या खोलीतच बायका खानावळ चालवत, खाली दुकान, मागं तालीम. घर आणि धंदा वेगळे करणं आपल्याला परवडलंच नाही कधी.

२०२० च्या लॉकडाऊनपासून एनटीसीच्या उरल्यासुरल्या गिरण्याही थांबल्या. जी खाती अजून उभी आहेत ती पाडण्याआधी आपण बोललं पाहिजे. वर भाड्याची, झेपतील अशी घरं. खाली खानावळ, पाळणाघर, दवाखाना, वाचनालय. म्हाताऱ्यांना लिफ्ट. वाटप उघड्या सोडतीनं, नाहीतर चाळी जशा जातवार भरल्या गेल्या तशाच या इमारती भरतील. एका जिन्यावर एकच जात दिसली, की समजावं साचेखात्याचं दार पुन्हा बसवलं.

आणि हे होणार नाही म्हणणाऱ्यांना इंदू मिल दाखवा. ६ डिसेंबर २०११ ला आपली माणसं आत घुसली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनं स्मारकासाठी जमीन द्यायचं मान्य केलं. अर्ज करून बसलो असतो तर अजून अर्जच करत असतो.

जयभीम.