कागद वाहणारे घोडे

कागदी घोडे नाचवण्यात आपण मंडळी पटाईत आहोत. मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, यावर आजवर जितकी भाषणे झाली, तितकी गोष्टींची पुस्तके जरी मुलांच्या हाती पडली असती, तरी निम्मे काम झाले असते! पण खऱ्याखुऱ्या घोड्यांनी पाठीवरून कागद वाहिले आणि त्यापायी डोंगरातली मुले वाचू लागली, अशीही एक हकीकत इतिहासात आहे. वाचकहो, फराळाबरोबर ती ऐका.

अमेरिकेत केंटकी नावाचे राज्य आहे. त्याच्या पूर्वेला ॲपलाचियन डोंगर. १९२९ साली त्या देशावर मंदीची कुऱ्हाड कोसळली आणि या डोंगरातल्या कोळशाच्या खाणींवर पोट असलेली घरे उघडी पडली. रस्ते म्हणावेत असे नव्हतेच. पुष्कळ ठिकाणी ओढ्याचे पात्र हाच रस्ता. शाळा एका खोलीच्या, आणि वाचनालय हा शब्द तर कित्येकांनी ऐकलेलाही नव्हता.

१९३५ साली रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देणारी मोठी योजना काढली. आपल्याकडच्या रोजगार हमीची आठवण व्हावी, अशीच ती. तिच्यात एक आगळे काम निघाले : घोड्यावरून पुस्तके पोचवण्याचे. ते मुख्यतः बायकांनी केले. पगार महिना २८ डॉलर. सरकारने दिला तो एवढाच. घोडा किंवा खेचर ज्याचे त्याने आणायचे. नसेल तर भाड्याने घ्यायचे. पुस्तके लोकांनी दान दिलेली, जुनी, पाने सुटलेली.

खोगिराच्या दोन्ही अंगांना पिशव्या, नाही तर उशीचे अभ्रे, आणि त्यांत पुस्तके. अशा थाटात या बाया आठवड्याला शंभर-शंभर मैल हिंडत. कडा आला की उतरून लगाम हाती धरून चालत. थंडीवाऱ्यातही वार चुकवायचा नाही, कारण वळणावर मुले वाट पाहत असायची.

डोंगरातला माणूस परक्याला चटकन दार उघडत नाही. म्हणून निवडलेल्या बाया त्याच मुलखातल्या असत. कुणी बिचकलाच, तर त्या बायबलातला उतारा वाचून दाखवीत; मग दार आपोआप उघडे. पुस्तके फाटली की फेकायची नाहीत. जुन्या मासिकांतली चित्रे, पाककृती, गोधड्यांचे नमुने कापून चिकटवायचे आणि त्यांची नवी वही बांधायची. लोक खुणेसाठी पानांचे कोपरे दुमडीत, म्हणून नाताळच्या जुन्या शुभेच्छापत्रांच्या खुणा करून दिल्या. चित्रांच्या पुस्तकांना मोठी मागणी असे. कारण घरातली वडील माणसे पुष्कळदा निरक्षर, आणि वाचून दाखवणार मूल! १९४३ साली योजना बंद झाली आणि घोडे आपापल्या तबेल्यात परतले.

घोड्याचे आणि पुस्तकाचे नाते मात्र तिथे संपले नाही. १९४१ साली वॉल्टर फार्ली या तरुणाची ‘द ब्लॅक स्टॅलियन’ ही कादंबरी निघाली. एक मुलगा आणि एक रानटी काळा घोडा यांच्या मैत्रीची ती गोष्ट. पुढे १९९९ साली त्याच पुस्तकाच्या नावाने अमेरिकेत एक उपक्रम सुरू झाला. मुलांच्या हाती घोड्याच्या गोष्टीचे पुस्तक द्यायचे, त्यांची खऱ्या घोड्याशी गाठ घालून द्यायची आणि त्याच्यापुढे वाचायला सांगायचे.

ऐकणाऱ्याला हसू येईल. मला येत नाही. वर्गात एखादे पोर ‘क्ष’वर अडखळले की चाळीस तोंडे फिस्कन हसतात, ते पोर मग महिनाभर पुस्तकातून डोके वर काढीत नाही. घोडा हसत नाही, चुका काढीत नाही. कान टवकारून उभा राहतो. अडखळणाऱ्या मुलाला दुसरे काय हवे असते?

अमेरिकेचा हा वाचनालयाचा गुण आपल्याकडे फार पूर्वी एका मराठी माणसाने हेरला होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांची अक्षरओळख व्हायची होती. त्याच सयाजीरावांनी १९०६ साली साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. पुढे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या. वाचणारा येत नसेल, तर पुस्तकाने उठून त्याच्याकडे जावे, हा विचार केंटकीतला आणि बडोद्यातला एकच.

आमच्या शाळेत तो विचार घोड्यापाशीच येऊन ठेपतो. मेंढपाळांची मुले पटावर असतात, आणि दिवाळीच्या आगेमागे त्यांचे वाडे कोकणाकडे निघतात. बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर. पावसाळ्याच्या तोंडाशी मुले परततात ती जोडाक्षरे विसरून. गेल्या साली सहावीतली एक मुलगी निघताना म्हणाली, “गुरुजी, घोडीवर भांडी जात्यात, कोंबड्या जात्यात, कोकरं जात्यात. पुस्तकांचं वझं ते किती असणार?” मी आठ पुस्तके फडक्यात बांधून दिली. जूनमध्ये सात परत आली. आठवे तिच्या धाकट्या भावाने सोडले नाही. ते त्याला तोंडपाठ झाले होते आणि वाचून दाखवताना त्याने पान चुकवले नाही.

घोड्याला ओझे कशाचे आहे, ते कळत नाही. पाठीवर काय लादायचे, ते माणसाने ठरवायचे असते. केंटकीतल्या त्या बायांनी ते ठरवले होते. घराघरांतून फराळाचे डबे बांधले जात असताना एखादे पुस्तकही त्यांत बांधावे, इतकेच आपणही ठरवले, तर वाट पाहणारी मुले आपल्याही वळणांवर उभी आहेत.