किल्लारी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. संगमनेर भागात तप्त शिलारस जमिनीच्या भेगांत शिरतो आणि तिथेच गोठतो. या उभ्या कातळभिंती, म्हणजे डाइक, आजही दिसतात. निनाद बोंद्रे, विल्यम हार्ट आणि हेतू शेठ यांनी त्यांचं रसायन दख्खनच्या लाव्हाथरांशी ताडून २००६ मध्ये शोधनिबंध लिहिला. शेजारी अकोले तालुक्याच्या हद्दीवरचं १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई याच लाव्हाचं. मराठवाड्याच्या पूर्व कडेला थर पातळ होतो. किल्लारीखाली तो ३३८ मीटर.

या उद्रेकाने काळी माती दिली आणि काळा दगडही. गावं त्याच दगडाची झाली.

ऑगस्ट १९९२. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातल्या किल्लारीत जमीन हादरू लागते. जमिनीतून गडगडाट ऐकू येतो.

१८ ऑक्टोबर १९९२. आतापर्यंतचा मोठा धक्का, सुमारे ४.५ तीव्रतेचा. लोक घाबरतात. देशाच्या भूकंप-नकाशात किल्लारी पहिल्या विभागात आहे. म्हणजे सर्वांत कमी धोका.

मार्च १९९३. धक्क्यांची संख्या सव्वाशेच्या घरात.

त्यानंतरचे सहा महिने. या घटनाक्रमातला सर्वांत मोलाचा काळ हाच, असं मला वाटतं. भिंती बांधून घ्यायला, निदान जड छपरं हलकी करायला तेवढा वेळ होता. घरं आहेत तशीच राहिली.

बुधवार, २९ सप्टेंबर, संध्याकाळ. अनंत चतुर्दशी. गणपतींचं विसर्जन.

रात्री उशिरा. दमलेली माणसं घरात झोपतात. भिंती दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहून जास्त. बाहेरून भक्कम दिसतात. आत मात्र दगडांचे दोन वेगळे पदर, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड बहुतेक भिंतींत नाहीत. सांधायला चुना नाही, मातीच. डोक्यावर माळवद: लाकडी खण आणि त्यावर मातीचा जाड थर. पाऊस गळला की माळवदावर आणखी माती पडायची. दर वर्षी वजन थोडं वाढायचं.

गुरुवार, ३० सप्टेंबर, पहाटे ३.५६. भूकंपाची तीव्रता ६.२. केंद्र उथळ, १० किलोमीटरच्या आत. भिंतींचे पदर सुटतात, एक आत, एक बाहेर. मग माळवद खाली येतं.

४ च्या सुमारास. मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार यांना खिडक्यांची तावदानं हादरल्याचं जाणवतं. पहिला संशय कोयनेवर, कारण डिसेंबर १९६७ चा भूकंप सर्वांच्या लक्षात आहे. ते कोयनेच्या भूकंपमापन केंद्राला फोन करतात. उत्तर येतं: कोयना नाही, लातूर.

उजाडताना. किल्लारीत आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सास्तूरमध्ये गल्ल्या ओळखू येत नाहीत. गावकरी हातांनी दगड उपसतात. कुडाच्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी उभ्या आहेत. गावात ज्यांची घरं सर्वांत गरीब, त्यांतले अनेक वाचले; जाड भिंतींच्या वाड्यांनी माणसं गाडली.

पुढचे दिवस. पाऊस. चितांना लाकूड कमी पडतं.

एका सरकारी आकडेवारीत मृत ७,९२८. दुसऱ्या नोंदींत ९,७४८. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधन घेतलं. ३३८ मीटर लाव्हा, मग ८ मीटर गाळाचा थर, त्याखाली लाव्हाहून कितीतरी जुना स्फटिकी खडक. लाव्हाच्या झाकणामुळे त्या खडकातल्या जुन्या भेगा वरून दिसत नव्हत्या.

२००२ मध्ये भूकंप-नकाशा बदलला. पहिला विभागच रद्द झाला. किल्लारी तिसऱ्यात गेलं.